गुंडप्पांनी न धुतलेले फोटो

गुंडप्पा हुडगे समोर बसलेल्या माणसाला नाव विचारत नसत. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी अनोळखी माणसांचे फोटो काढले, आधी उदगीरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, वाटेवर आणि पुढे लातूरला. कुठून आलात, चहा झाला का, चप्पल टोचते का, सगळं विचारून होई. नाव मात्र नाही. मी एकदा कारण विचारलं.

"नाव इचारलं की आडनाव निघतंय, बाई. आडनाव निघालं की गाव, गाव निघालं की आळी. मग मानूस चेहरा झाकून बसतंय. मला उघडा चेहरा लागतो."

एक अपवाद माझ्या समोर घडला. तो सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

माझा स्वतःचा फोटो त्यांनी १९६८ साली काढला. डी.एड.च्या अर्जाला हवा होता. मी खुर्चीवर ताठ बसले, हनुवटी वर केली. त्यांनी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं.

"बाई, अजून शाळा मिळाली न्हाई, तर मास्तरणीवानी कामून बघून राहिल्या? सांजच्याला घरी परतताना आपल्या दाराकडं बघता ना, तसं बघा."

मी हसले, आणि हसू ओसरता ओसरता त्यांनी भिंगावरचं झाकण काढलं. 'एक, दोन, तीन' म्हणून परत लावलं. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यातली मुलगी खरोखर घरी परतताना दिसते.

त्यांचा कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी केलेली लाकडी पेटी. लोक तिला डबाच म्हणत. मागच्या बाजूला काळ्या कापडाची बाही शिवलेली असे. त्या बाहीतून हात आत घालून, पेटीतल्या अंधारात, ते कागद औषधात बुडवत. आधी निघे तो उलटा फोटो : केस पांढरे, दात काळे. मग भिंगापुढे फळी लावून तिच्यावर तो उलटा कागद चिकटवायचा आणि त्याचाच पुन्हा फोटो घ्यायचा, की माणूस सुलटा होई. औषधाने त्यांच्या उजव्या हाताची नखं कायमची काळी पडली होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे पांढरेशुभ्र आणि नखं काळी. मी वर्गात कुणाला फोटोतलं काळं-पांढरं समजावून सांगताना मला हटकून गुंडप्पाच आठवत.

फोटो सुलटा निघाला तरी काम संपत नसे. बिदरला ज्या उस्तादांकडे ते शिकले, त्यांनी एक नियम घालून दिला होता : चार पाणी देऊन धुतल्याशिवाय फोटो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. कागदात औषध मागे राहिलं तर ते आतून चित्र खात जातं. म्हणून डब्याच्या पायाशी कायम बादली असे, आणि उदगीरच्या मोंढ्यात फोटोला आलेल्या माणसाला त्या बादलीशेजारी ताटकळत बसावं लागे.

डब्यात एक खोड होती. पिवळा आणि तांबडा रंग त्याला दिसत नसे, दोन्ही काळे येत. कुंकू काळं येई त्याचं कुणाला काही वाटत नसे, पण हळदीच्या अंगाने फोटोला आलेली नवरी तव्यासारखी काळी निघे. गुंडप्पांच्या स्वतःच्या लग्नात उस्तादांनी याच डब्याने फोटो काढला होता. त्यात नवरदेव उजळ आणि कमलम्मा कोळसा. कमलम्मा गोऱ्यापान होत्या. पुढची तीस वर्षं त्या फोटोचा विषय त्या घरात शिळा झाला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोंढा ओस पडला, फोटोला बसायला कुणी उरलं नाही. माणसं तलावांच्या आणि रस्त्यांच्या दुष्काळी कामांवर गेली होती. गुंडप्पांनी डबा सायकलला बांधला आणि कामांच्या मागे तेही निघाले. औसा, निलंगा, अहमदपूर, जिथे काम निघेल तिथे. खडी फोडणाऱ्या माणसांनी फोटो कशाला काढावेत असं आपल्याला वाटेल. पण त्या उन्हाळ्यात घरं फुटत होती. कुणी मुंबईला निघालेलं, कुणी निजामाबादेला मेहुण्याकडे. जाताना मागे राहणाऱ्याजवळ आपला चेहरा ठेवून जायचा. गुंडप्पांनी त्या चार महिन्यांत शेकडो चेहरे काढले. बदल्यात कुणी रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची, भाकरी देई, ती ते तिथेच बसून खात.

१९८२ च्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. तोपर्यंत कचेरीच्या कामाला उस्मानाबादेला जाणारी माणसं लातूरला येऊ लागली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला अर्जावर डकवायला फोटो हवा होता. गुंडप्पांनी बिऱ्हाड लातूरला हलवलं. नव्या कचेरीच्या वाटेवर पत्र्याची खोली घेतली आणि रीळ घालायचा नवा कॅमेरा आणला. डबा खोलीच्या कोपऱ्यात गेला, आणि कमलम्मांनी त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. माझीही बदली त्याच वर्षी लातूरला मुलींच्या शाळेत झाली होती. शाळेला वसतिगृह होतं, आणि त्या वसतिगृहात आठवीतली चांगुणा होती.

चांगुणा औशाकडच्या एका खेड्यातली. आई नाही, बाप मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. मामा दगडोबा तिला सोडायला आला तेव्हा मला "जयभीम बाई" म्हणाला आणि पुढे एकच वाक्य : "शिकू द्या तिला, कामाला लावू नका." मुलगी हुशार, कमी बोलणारी. पण भूगोलाच्या तासाला तिचं लक्ष पुस्तकात फार असे, आणि नकाशावरचं काही विचारलं तर सांगता येत नसे. जानेवारीतल्या एका तासाला मी जवळ जाऊन पुस्तक ओढून घेतलं. काय सापडेल असं वाटलं होतं ते लिहीत नाही. सापडला तो तळहाताएवढा एक पिवळट कागद.

तास संपल्यावर तिला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"ही कोण?"

"माय."

नीट पाहिल्यावर बाईची आकृती दिसत होती. पदर, कपाळावर काळा ठिपका, डोळ्यांच्या जागी दोन सावल्या. कमरेपाशी काहीतरी पुसल्यासारखं.

"आणि हे इथे काय आहे?"

"मी. कडेवर व्हते. हलले म्हणं."

मी फोटो उजेडाकडे धरला. चांगुणा लगेच म्हणाली, "उन्हात नका धरू, बाई. मागल्या साली नाक दिसत व्हतं. आता डोळे अन् कुंकूच ऱ्हायलंय."

तिची आई ती चार वर्षांची असताना तापाने गेली. चेहरा तिला आठवत नव्हता. जो होता तो या कागदावर, आणि तो दरवर्षी थोडा कमी होत होता.

"मामा काय सांगतो? कशी होती?"

"म्हणतो तुज्यासारखीच व्हती. पण मामा कुणालाबी तसंच म्हणतो. शेजारच्या बसम्माला पोरगं झालं तर त्येलाबी म्हणला, तुज्यासारखंच हाय."

फोटो पालथा केला तर मागे जांभळ्या शाईचा फिकट शिक्का होता. 'गुंडप्पा, उदगीर.'

त्या रविवारी मी तिला घेऊन पत्र्याच्या खोलीवर गेले. गुंडप्पांनी फोटो हातात घेतला, पाहिला, पालथा केला. शिक्का पाहिल्यावर ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"अवं, पोरगी हुबी हाय अन् तुमीच काय बसलाव?" आतून कमलम्मा म्हणाल्या. "फोटो काढून घ्यायचाय का सोताचा?"

ते उठले नाहीत. चांगुणाला म्हणाले, "तलावाच्या कामावर काढला का गं ह्यो?"

"हाव. माय तिथं माती टाकायला जायची."

"अण्णा," मी म्हणाले, "तुमचे फोटो असे होत नाहीत. माझा पंधरा वर्षांचा आहे, तसाच आहे."

"तुमचा धुतलेला हाय, बाई. ह्यो न्हाई धुतला."

मग त्यांनी सांगितलं. कामावर दिवसातून एकदा टँकर यायचा. बाया घागरी लावून तीन-तीन तास उन्हात उभ्या राहायच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत बादलीभर पाणी कागदावर ओतायचं धाडस गुंडप्पांना झालं नाही. सकाळी एक मगभर पाणी घ्यायचं आणि दिवसभर सगळे फोटो त्यातच बुचकळायचे. दुपारनंतर त्या पाण्यात पाणी कमी आणि औषधच जास्त असे.

"तुम्हाला ठाऊक होतं, हे टिकणार नाहीत?"

"ठाऊक हुतं. उस्तादानं शिकवलं हुतं ना. अन् तरी समद्यास्नी सांगत हुतो, नातवाला दावा म्हणून." ते चांगुणाकडे वळले. "तुजी माय ध्यानात हाय मला. एवढ्या कामांवर फिरलो, पाणी आणून देणारी ती एकलीच. तिच्या वाट्यातलं अर्धा तांब्या. म्हनली, अण्णा, नीट धुवा, लई दिवस ठेवायचाय."

"मग?" चांगुणा म्हणाली.

"तू कडेवर वठ चाटून राहिली हुती. मी म्हनलो, अव्वा, हे लेकराला पाज. फोटो टिकंल तसाबी."

"मी प्याले?"

"घटाघटा. तांब्या सोडंना तू."

चांगुणा खाली बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला सहज कळत होतं, पण तिला काय सांगावं ते सुचत नव्हतं. गुंडप्पांना सुचलं.

"तू प्यालीस ते बेस केलीस. पाणी पिण्यासाठीच असतंय. खोटं बोल्लो ते मी. टिकनार न्हाई म्हनलो असतो तर तुज्या मायनं पुढं कुटंतरी धुवून घेतला असता."

त्यांनी नव्या कॅमेऱ्याने त्या फोटोचा फोटो काढायचं ठरवलं. दोन दिवसांनी बोलावलं. शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. गुंडप्पांचा चेहरा पाहूनच मी ओळखलं. नव्या फोटोत पदराची कड होती, दोन डोळे टाचणीच्या टोकाएवढे, आणि मध्ये कोरा कागद. जे थोडं पिवळं उरलं होतं तेही नव्या कॅमेऱ्याने पांढरं करून टाकलं होतं.

चांगुणाने तो मेजावर पालथा ठेवला. जुना उचलून भूगोलाच्या पुस्तकात घातला आणि पुस्तक छातीशी धरलं. "ऱ्हाऊ द्या. माजं हाय ते मला पुरं."

कमलम्मा चहा घेऊन आल्या. त्यांनी पालथा फोटो सुलटा करून पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"एवढा पैका घालून आणलेला कॅमेरा, अन् त्येला पिवळं दिसंना व्हय? माझी हळद बरी दिसली तुमच्या त्या डब्याला! पार कोळसा केला मेल्यानं, आईनंबी वळखली न्हाई मला."

गुंडप्पा कप तोंडाशी नेता नेता थांबले. कमलम्मांकडे असे बघत राहिले की त्या म्हणाल्या, "काय झालं? बोल्ले तर काय खोटं बोल्ले?"

"न्हाई," गुंडप्पा म्हणाले. "तीस वरसात पहिल्यांदा खरं बोल्लीस. डब्याला पिवळं काळं दिसतंय." त्यांनी कप खाली ठेवला आणि कोपऱ्यातल्या लोणच्याच्या बरण्या एकेक उचलून खाली मांडायला लागले.

डब्याचा कागद लातुरात मिळेना. तो सोलापूरहून यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत चांगुणाने भूगोलाचं पुस्तक एकदाही वर्गात आणलं नाही. मी तिला त्याबद्दल बोलले नाही.

फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी गुंडप्पा आणि कमलम्मा डबा घेऊन वसतिगृहाच्या अंगणात आले. तिथे ऊन मोकळं होतं आणि हातपंप होता. त्यांनी तिवई रोवली, भिंगापुढे फळी लावली आणि तिच्यावर चांगुणाचा फोटो चिकटवला. इतक्या वर्षांनी हात बाहीत गेला तेव्हा कोपरापाशी कापड उसवलेलं निघालं. कमलम्मांनी पदराने ते गुंडाळून धरलं.

पहिला कागद सगळाच काळा आला. त्यांनी तो बाजूला टाकला. दुसऱ्याला झाकण जरा लवकर लावलं. बाहीतला हात बराच वेळ हलत राहिला. मग त्यांनी ओला कागद बाहेर काढून चांगुणासमोर धरला.

त्यात चेहरा होता. उलटा. पांढऱ्या केसांची, काळवंडलेल्या चेहऱ्याची बाई, कपाळावर पांढरं कुंकू. नाक होतं, ओठ होते, हनुवटी होती.

"माय म्हातारी झाली," चांगुणा म्हणाली.

"थांब. परत तरणी करतो."

त्यांनी जुना फोटो फळीवरून काढून चांगुणाला परत दिला, तिथे उलटा कागद चिकटवला आणि पुन्हा 'एक, दोन, तीन'. बाहीत हात. वसतिगृहातल्या मुली भोवती जमल्या होत्या, पण कुणी पुढे येत नव्हतं. कागद बाहेर आला तो चांगुणाच्या आईचा. पंचविशीची असेल. नाक रुंद, एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर, ओठ उन्हाने फुटलेले. कमरेजवळ धुरासारखी एक खूण, तिथे चांगुणा हलली होती. आणि बाई बघत होती ती सांजच्या वेळी आपल्या दाराकडे बघावं तशी. काम करून, उन्हातून, मूल कडेवर घेऊन ती तशी बघत होती. गुंडप्पांनी तिलाही तेच सांगितलं असणार.

चांगुणाने आपलं नाक चाचपलं. मग भुवई.

"मामा खरंच बोल्ला व्हता," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. मुलींपैकी कुणीतरी तिला धरलं.

गुंडप्पांनी तिला फार रडू दिलं नाही. कानडीत आईला मारतात ती हाक त्यांनी तिलाही मारली. "ए अव्वा, पंपावर चल. अजून धुवायचाय."

ती हापसत होती आणि ते फोटो पाण्यात खालीवर करत होते. एक बादली झाली, दुसरी झाली. चार झाल्या. पाचवी.

"अण्णा, चारच म्हणला होतात," मी म्हटलं.

"चार ह्या फोटोचे. बाकीचं त्या उन्हाळ्याचं राहिलेलं हाय."

सातव्या बादलीला चांगुणाचे हात भरून आले, पण ती थांबली नाही. ते पाणी पंपाखालच्या चरातून पपईच्या आळ्यात जात होतं. शेवटी गुंडप्पांनी फोटो दोरीला लावला. चांगुणा पुस्तकातला जुना, पिवळा फोटो घेऊन आली.

"ह्योबी धुवा."

त्याच्यावर आता धुण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. हे गुंडप्पांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी तो घेतला आणि त्यालाही चार पाणी दिलं, हळू, कागद फाटू नये म्हणून तळहातावर ठेवून. "आता जेवढं हाय तेवढं ऱ्हाईल," ते म्हणाले.

दुपारी दोन्ही फोटो वाळले. गुंडप्पांनी नवा फोटो मांडीवर पालथा घेतला. शिक्का त्यांनी आणला नव्हता. सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढली आणि मी त्यांच्या तोंडून कधीही न ऐकलेला प्रश्न चांगुणाला विचारला.

"नाव काय गं तुज्या मायचं?"

"नागुबाई," चांगुणा म्हणाली. तिने ते अंगणाच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

त्यांनी ते लिहिलं. अक्षर फारसं चांगलं नव्हतं, 'ग' ला कान्यासारखी रेघ जास्तीची आली. मी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं गुंडप्पा दर आठवड्याला एका बाजाराला डबा घेऊन जात. औसा, उदगीर, अहमदपूर. नावंच कधी विचारली नसल्यामुळे त्या शेकडो माणसांना शोधण्याचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नव्हता. पाटीवर खडूने लिहिलेलं असे, 'त्र्याहत्तर सालचे पिवळे पडलेले फोटो घेऊन यावे.' लोक टोपीच्या घडीतून, पत्र्याच्या पेटीतून, कुणी देवघरातून काढून आणत. पुष्कळ परत निघाले. काही निघाले नाहीत. उदगीरच्या बाजारात एका म्हाताऱ्याने आणलेला कागद अगदी कोरा होता. त्यात त्याची बायको होती म्हणे. गुंडप्पांनी तो उन्हात, सावलीत धरून पाहिला. मग त्याला शेजारी बसवून घेतलं, चार पाणी देऊन कागद वाळवला, आणि बायकोचं नाव विचारून मागे लिहून दिलं. म्हातारा तो कागद परत टोपीत ठेवून गेला.

चांगुणा किनवटला सरकारी दवाखान्यात नर्स झाली. मी एकदा तिच्या घरी गेले होते. नागुबाईचा फोटो दाराच्या समोरच्या भिंतीवर आहे, बाहेरून येणाऱ्याकडे बघतो असा.